धावपट्टीशेजारचं घर

भाच्याकडे, केंब्रिजजवळच्या नॉर्थस्टोला येऊन आज दहा दिवस झाले. सकाळी भाजी आणायला म्हणून एकटीच निघाले आणि वाट चुकले. (फोन घरी, चार्जिंगला!) सगळी घरं विटांची, नवीकोरी, एकसारखी. एका पाटीवर ‘स्टर्लिंग रोड’. मला वाटलं, पौंड स्टर्लिंगवरून नाव दिलं असेल.

घरी भाचा हसून लोळला. "मावशी, स्टर्लिंग म्हणजे विमान गं. लढाईतलं."

तर इथे होता ओकिंग्टनचा हवाई तळ. १९४० साली शेतजमिनीवर उभारलेला. चार इंजिनांची ती अवजड बॉम्बर विमानं रात्री इथून जर्मनीकडे जायची. पुढे तळावर लष्कराच्या बराकी आल्या, त्या १९९९पर्यंत. मग काही वर्षं आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना इथेच ठेवायचे. २०१७पासून लोक राहायला आले, एकूण दहा हजार घरं व्हायची आहेत म्हणे.

संध्याकाळी मुद्दाम तिकडे फिरायला गेलो. गवतात काँक्रीटचा बसका पिलबॉक्स, म्हणजे बंदूकधाऱ्यांची चौकी, अगदी कुत्र्याच्या छत्रीसारखा. आत बंदूक रोखून बसणारा पोरगा किती वर्षांचा असेल? भाचा "चल, गारठशील" म्हणत होता, माझा पाय निघेना. आमचं जुनं गाव धरणात गेलं, त्याच्या नावाची साधी पाटीही कुठे नाही. इथे शाळेचं नावसुद्धा पाथफाइंडर, म्हणजे वाटाड्या; बॉम्बर विमानांच्या पुढे जाऊन लक्ष्य दाखवणाऱ्या विमानदलावरून.

भाजी राहिलीच. रात्री पिठलं केलं.