जुन्या मॅसीला नवा रोटाव्हेटर

आज दिवसभर लेथच्या दुकानात होतो. आबांच्या मॅसी ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या मागच्या दोन हातांच्या, टोकाला ज्या गोळ्या असतात त्यांचं भोक 22 मिलिमीटरचं, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या मापांतली कॅटेगरी एक. घेतलेल्या रोटाव्हेटरच्या पिना 28 च्या, कॅटेगरी दोन. टॉप लिंकचं, म्हणजे वरच्या मधल्या दांड्याचंही तेच, ट्रॅक्टरचं माप 19 आणि अवजाराचं 25.

शेजारचे काका म्हणाले, गोळ्याच बोअर करून घे. मला ते अजिबात पटलं नाही. गोळी पातळ झाली की चालत्या कामात फुटते आणि अख्खं अवजार एकाच हातावर लोंबकळतं. त्यापेक्षा बदल अवजारात करावा, ट्रॅक्टरला हात लावू नये. म्हणून स्टेप पिना कातून घेतल्या, बुडाला 28 आणि तोंडाला 22. लेथवरून निळा पडलेला गरम कीस गळत होता, बघत राहावंसं वाटलं. दोन पिनांमधलं अंतरही 825 चं 683 करायचं होतं, म्हणून ब्रॅकेट आत सरकवून वेल्ड केले.

आबांच्या मॅसीचं इंजिन अजून एका सेल्फला चालू होतं हो, असा ट्रॅक्टर भंगारात कसा घालायचा?

उद्या आधी लिफ्ट हळूहळू उचलून पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद रोटाव्हेटरला देणारा फिरता दांडा, कुठे अडतो का ते बघणार. कापायचा झालाच तर त्याची बाहेरची नळी आणि तिच्यात सरकणारा आतला दांडा, दोन्ही सारखेच कापायचे.