एवढे दोन भारे बांधून होऊंदेत

दसऱ्याच्या सुमारास कोकणात दोन गोष्टी एकदमच पिकतात, भात आणि दुपारचे ढग. जुलैचा पाऊस आठ-आठ दिवस कोसळतो, पण त्यात कडकडाट बेताचाच. विजांचे दिवस म्हणजे पाऊस येतानाचे आणि परततानाचे. सकाळी लख्ख ऊन, तीनच्या सुमारास सह्याद्रीवर काळोखी, आणि मळ्यात कापलेलं भात आडवं. मग ते वाक्य येतंच, "एवढे दोन भारे बांधून होऊंदेत."

त्यापेक्षा आकडे मोजावेत. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. चमकल्यापासून तीस मोजायच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या मळ्यातही पडू शकते. विळा टाकून निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरकायचं नाही. सर थांबली म्हणून वीज थांबली असं नसतं.

निघून जायचं ते पक्क्या घरात, नाहीतर काचा लावलेल्या गाडीत. चार खांबांचा मांगर पाऊस अडवतो, वीज नाही. आणि माडाखाली तर नाहीच. उंच, एकटा, आतून रसाने भरलेला. शेंड्यातला एकुलता कोंब करपला की माड संपतो. खोडातून उतरणारी वीज वाटेत शेजारच्या माणसावर उडी घेते, उरलेली जमिनीत पसरते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत हातभर तरी अंतर, त्यामुळे ती पोटातून, छातीतून वाट काढते. एका झाडाखालची चार गुरं एकदम दगावतात ती अशी. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, आडोसाच नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं होऊ नये. तोही नाइलाजाचाच उपाय.

पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसावर वीज पडते म्हणतात. वीज उंची बघते, जन्म नाही. ज्याच्यावर पडली त्याच्या अंगात ती राहतही नाही. बेधडक हात लावावा, श्वास थांबला असेल तर मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा छाती दाबत राहावी आणि कुणाला तरी 108 लावायला सांगावं.

घरात टीव्हीचं बटण बंद करून निश्चिंत होणारे पुष्कळ. ढगातून कोसभर आलेल्या विजेला बटणातली दोन-तीन मिलिमीटरची फट काय अडवणार? प्लगच काढायचा, डिशची वायरसुद्धा. तोही आभाळ भरून येतानाच. डोक्यावर कडाडायला लागल्यावर त्या वायरींना हात लावायचा नाही.