पण तुम्हाला पोहता येत नाही ना?

ग्रँड कॅन्यनमधून राफ्टिंग करून आले असं कुणालाही सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला. सांगलीला जाऊबाईंकडे बसलेली असू दे की इथे ॲरिझोनात मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत, विचारणारा आवाज थोडा खाली आणतो आणि म्हणतो, "पण तुम्हाला पोहता येत नाही ना? मग गेलात कशा?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

छोटं उत्तर असं, की पोहता येण्याची अटच नव्हती. कंपनीच्या फॉर्मवर वजन, उंची, हृदयाचा आजार, गुडघ्याचं ऑपरेशन, चालू औषधं, खाण्यातलं पथ्य हे सगळं होतं. पोहण्याबद्दल एवढंच, की येत नसेल तर कळवा. मी कळवलं. आमच्याकडे सांगलीत पावसाळ्यात माणसं जेवणखाण विचारायच्या आधी आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं ते विचारतात, अशा गावची मी. भाऊ पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. मुलींना कुणी भोपळा बांधला नाही, विषय संपला.

मोठं उत्तर मात्र वेगळं आहे. कॅन्यनमधून वाहणाऱ्या त्या कोलोरॅडो नदीत पोहता येण्याचा फारसा उपयोगच नसतो.

कॅन्यनच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ साली त्यात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मागे लेक पॉवेल भरत गेला. विजेसाठी सोडलं जाणारं पाणी या जलाशयाच्या बऱ्याच खोलीवरून येतं, जिथे ऊन पोचत नाही. त्यामुळे लीज फेरीला, जिथून राफ्ट सुटतात, वर्षानुवर्षं ते आठ-दहा अंशांवर राहिलंय. अलीकडे जलाशय उतरला तसं काही उन्हाळ्यांत ते बरंच कोमट झालं. धरणाआधीची नदी उन्हाळ्यात चांगली उबदार आणि लाल गढूळ असायची. आता वरच्या टप्प्यात ती हिरवीगार आणि नितळ दिसते. दिसायला सुंदर, पण हात घातला की कळतं. भोवतीच्या कातळात हवा चाळीसच्या वर आणि पाण्यात धरलेला पाय दोन मिनिटांत बधिर.

असल्या पाण्यात माणूस अचानक पडला की छाती आवळते आणि आपोआप मोठा श्वास ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याबाहेर असणं महत्त्वाचं. थोड्या वेळाने हातपाय ऐकेनासे होतात, ते पट्टीच्या पोहणाऱ्याचेही. शिवाय रॅपिडमधलं, म्हणजे नदी दगडांवरून उसळत कोसळते तिथलं, पांढरं पाणी हवेने भरलेलं असतं. त्यात हात मारायला जोरच मिळत नाही.

म्हणून तरंगवायचं काम लाइफ जॅकेटचं. भावांचा भोपळाच तो, फक्त पट्टे आवळलेला. रोज सकाळी आमची गाइड एकेकाच्या खांद्याचे पट्टे धरून वर हिसका द्यायची. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल, पुन्हा आवळा. श्वास घ्यायला त्रास होतोय म्हटलं की म्हणायची, बोलता येतंय ना, मग ठीक आहे. पडलात तर काय, हेही रोज घोकून घ्यायची: पाठीवर या, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला, उभं राहायला जाऊ नका. उभं राहायला गेलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि मागचं पाणी माणसाला आडवं करतं.

आमच्यात एक गृहस्थ होते, रोज पहाटे तलावात पोहणारे. नदीत पडले ते एकटेच. हान्स रॅपिडमध्ये राफ्टचा एक कोपरा वर उचलला गेला आणि ते सरळ मागे गेले. सुदैवाने राफ्टच्या अगदी कडेला वर आले. गाइडने खांद्याचे पट्टे धरले आणि स्वतःला मागे झोकून देत त्यांना आत ओढलं. रात्री त्यांना विचारलं, तर म्हणाले, "पोहायचं सुचलंच नाही हो. एकही हात मारला नाही."

त्या नदीचा इतिहासही थोडाफार हेच सांगतो. जॉन वेस्ली पॉवेल १८६९ साली लाकडी होड्या घेऊन नऊ सोबत्यांनिशी खाली उतरले, तेव्हा त्यांना एकच हात होता. उजवा अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलेला. कॅन्यनच्या शेवटाला पॉवेल धरून सहाजण पोचले, आणि बाकीच्यांपैकी एकही बुडालेला नव्हता. काही वाटेतच सोडून गेले, त्यातले तिघे तर शेवटाजवळ नदी नको म्हणून कडा चढून गेले आणि वर मारले गेले. जॉर्जी व्हाइट या बाईंनी १९४५ साली एका सोबत्याबरोबर कॅन्यनच्या खालच्या टप्प्यात साठेक मैल होडीशिवाय, नुसत्या लाइफ जॅकेटवर वाहत जाऊन दाखवलं. पुढे त्याच बाईंनी मोठ्या रबरी राफ्टमधून पैसे घेऊन प्रवासी न्यायला सुरुवात केली. आज माझ्यासारख्या तिथे जाऊ शकतात त्याचं बरंच श्रेय त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, पोहणं नको तर मग लागतं काय? आमची राफ्ट वल्ह्यांची होती. मधोमध गाइड दोन लांब वल्ही घेऊन बसते, आपण पुढे-मागे चौघं. आपल्याला वल्हवायचं नसतं. दोन्ही हातांनी दोरी किंवा पट्टा धरायचा आणि ती ओरडली की त्या बाजूला अंग टाकायचं. इतकंच, पण तेवढं मात्र तत्काळ. 'का?' विचारायची सवय असलेल्यांना हे जड जातं. आमच्या घरातल्या एका व्यक्तीला मी याच कारणासाठी नेलं नाही.

खरं काम गाइडच्या डोळ्यांचं. लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंत २२५ मैलांच्या आसपास नदी आहे, पण त्यात रॅपिड मिळून जेमतेम दहावा हिस्सा. बाकी पाणी संथ, गप्पा मारत, टोपी भिजवून डोक्यावर घालत जायचं. रॅपिड नेमके कुठे येतात हे कळलं तेव्हा मला फार मजा वाटली. बाजूच्या घळीतून पावसाळी लोंढा येतो, घरंगळत मोठमोठे दगड आणतो आणि नदीच्या तोंडात ओततो. नदी अडते, वर डोह साचतो आणि दगडांवरून ती खाली कोसळते. म्हणजे नकाशात बाजूने घळ मिळालेली दिसली की कान टवकारायचे. क्रिस्टल नावाचा रॅपिड आधी साधाच होता. डिसेंबर १९६६ मध्ये एका लोंढ्याने त्याचं रूप पालटलं आणि आता अनुभवी नावाडीही तिथे गप्प होतात. १९८३ च्या उन्हाळ्यात धरण काठोकाठ भरून नव्वद हजार क्युसेकच्या वर पाणी सोडावं लागलं, तेव्हा या क्रिस्टलने मोठ्या मोटरच्या राफ्टही उलथवल्या.

हो, तिथेही क्युसेकच. कोयनेच्या विसर्गाचे आकडे रेडिओवर ऐकत वाढलेल्या मला फार घरच्यासारखं वाटलं. विजेची मागणी जशी वाढते-उतरते तसं धरणातून पाणी कमी-जास्त होतं, आणि ती भर खाली पोचायला मुक्कामाच्या अंतराप्रमाणे तासन्‌तास लागतात. रात्री पाण्यात तरंगणारी राफ्ट पहाटे वाळूवर कोरडी पडू नये म्हणून गाइडमंडळी मध्येच उठून दोर बघायची.

लाव्हा फॉल्सचं सांगते, कारण त्याचंच नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लीज फेरीपासून १७९ व्या मैलावर. तिथे रॅपिडना एक ते दहा असे गुण देतात आणि लाव्हा वरच्या टोकाला. त्याच्या थोडं आधी नदीच्या मधोमध ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा सुळका उभा आहे. तिथल्या आदिवासी जमातींना तो पवित्र आहे. राफ्टवरची बडबड तिथेच थांबली. मग उजव्या काठाला राफ्ट बांधून आम्ही तापलेल्या दगडांवरून वर चढलो. वरून सगळा रॅपिड दिसतो. मध्ये एक आडवी पायरी आहे, तिच्यावरून पाणी पडून खाली खड्डा होतो आणि तिथलं पाणी उलटं फिरतं. त्यात जायचं नाही. त्याच्या उजवीकडून, दोन लाटा इंग्रजी व्हीसारख्या भिडतात तिथून घुसायचं, आणि शेवटी उजव्या काठाजवळच्या काळ्या दगडाला टाळायचं. गाइड बराच वेळ नुसती बघत उभी होती. काठावरून एक काटकी टाकून ती कुठून वाहत जाते तेही पाहिलं. मी विचारलं, इतक्या वेळा आलीयस, अजून काय बघतेस? म्हणाली, आजचं पाणी बघतेय.

प्रत्यक्षात सगळं अर्ध्या मिनिटात झालं. वर असताना आखलेली वाट खाली दिसतच नाही. दिसते फक्त पुढची लाट, आणि ती डोक्याच्या वर असते. मी डोळे उघडे ठेवले होते, तरी आठवतं ते इतकंच, की नाकातोंडात पाणी, हातातली दोरी आणि मागून तिचा आवाज, "धरा, धरा, धरा!" मग एकदम ऊन. त्या वेळी पोहता येत असतं तर मी वेगळं काय केलं असतं, सांगा.

दुसरा प्रश्न बायका कोपऱ्यात नेऊन विचारतात, त्याचंही उत्तर देते. शौचासाठी धातूचा बंद होणारा डबा असतो, वर सीट. आडोशाला, बहुधा नदीचं उत्तम दृश्य दिसेल अशा जागी मांडतात. सगळं सोबत वाहून बाहेर आणावं लागतं, कारण वर्षाला वीस हजारांहून जास्त माणसं त्याच मोजक्या वाळूकाठांवर मुक्काम करतात. लघवी मात्र थेट नदीत, नियमच तसा. कोरड्या वाळूत ती धुवून जात नाही, वास राहतो. पहिल्या दिवशी लाज वाटते. तिसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून हवापाण्याच्या गप्पा होतात.

आणि एक, कुणीच विचारत नाही पण मला सांगायचंय. हान्सच्या पुढे भिंती काळ्या होतात, गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा असलेल्या. सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक, आणि त्याचं नाव विष्णू शिस्ट. वर विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल नावाची शिखरं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाला पौर्वात्य देवांची नावं द्यायची हौस होती. देऊळ कुठे नाही, पण सासूबाईंना 'विष्णूपाशी दोन दिवस होते' असं सांगितल्यावर बाकीचे प्रश्न थांबले.

तर लागतं काय? गुडघे. ओल्या रबरावर दिवसातून दहादा चढउतार, काठावर दगडधोंडे, घळींतून चढणी. मुठीत जोर हवा. तहान नसताना पाणी प्यायची आणि त्याबरोबर खारट काही खायची तयारी हवी. शाकाहारी आहात तर आधी लिहून कळवा. आम्हाला वाळूवर भाजलेल्या भाज्या आणि बीन्स भरपूर मिळाल्या, तिखट मात्र स्वतःचं न्या. खर्च भरपूर, बुकिंग वर्षभर आधी, आणि एका माणसाला वर्षातून एकच फेरी असा तिथल्या नॅशनल पार्कचा नियम.

एवढ्याने मन होत नसेल तर आधी कोलाडला जाऊन या. कुंडलिकेवरचं राफ्टिंग सकाळचंच असतं, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी तेव्हा नदीत येतं. इथेही नदी विजेच्या वेळापत्रकावरच चालते. पोहता येत नाही हे निघायच्या आधी गाइडला सांगा, जॅकेट त्याच्याकडूनच आवळून घ्या. मात्र तिथे नुसतं धरून बसायची सोय नाही, प्रत्येकाच्या हातात वल्हं देतात.