चिनी अक्षरं आणि माझी शीट

फ्लॅशकार्डं करून करून वैताग आला होता, म्हणजे कार्डावर अक्षर ओळखू यायचं पण तेच एखाद्या वाक्यात दिसलं की डोकं ब्लँक, म्हणून शेवटी एक्सेल उघडलं आणि तोवर शिकलेली दोनेकशे अक्षरं एकाखाली एक टाकली. कॉलम साधेच: अक्षर, पिनयिन (म्हणजे रोमन लिपीत लिहिलेला उच्चार), टोन (आवाजाचा चढउतार), अर्थ. टोन मुद्दाम वेगळा, आकड्यात, कारण 'माय' तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे विकत घेणं आणि चौथ्यात विकणं, आणि मी नेमकं उलटंच बोलते. फॉन्ट २८ चा तरी ठेवा हां, ११ मध्ये नुसत्या मुंग्या दिसतात.

मग एकदा सहज युनिकोड हे फंक्शन लावून बघितलं, ते प्रत्येक अक्षराचा नंबर देतं, आणि त्या नंबरवर सॉर्ट केलं तर काय, पाण्याचा तुकडा असलेली सगळी गँग आपोआप एकत्र! नदी २७८२७, समुद्र २८०२३, तलाव २८२४६. हा योगायोग नाहीये, युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना नंबर देणारी यादी, तिच्यातल्या चिनी अक्षरांच्या मुख्य ब्लॉकमध्ये अक्षरं आधी रॅडिकलप्रमाणे (म्हणजे पाणी, झाड असा जो तुकडा धरून शब्दकोशात अक्षर शोधतात त्याप्रमाणे) आणि मग उरलेल्या रेघांच्या संख्येप्रमाणे लावलीयेत, जुन्या शब्दकोशांतल्या २१४ रॅडिकलच्या क्रमाने. म्हणजे मी हाताने रॅडिकलचा कॉलम भरत बसले होते तो अर्धा वेळ फुकटच गेला म्हणायचं.

पण आवाजाचा कॉलम मात्र हातानेच भरावा लागतो आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच. बऱ्याचशा अक्षरांत एक तुकडा अर्थाचा आणि एक उच्चाराचा असतो ना, तर 'छिंग' या तुकड्यावर फिल्टर लावला की पाण्याबरोबर तो स्वच्छ, सूर्याबरोबर निरभ्र, हृदयाबरोबर भावना, बोलण्याच्या रॅडिकलबरोबर विनंती, सगळ्यांचा उच्चार छिंगच, फक्त टोन इकडेतिकडे. डोळ्याबरोबर आला की मात्र 'जिंग' होतो, एक तरी आगाऊ असतोच. हे पाच एका स्क्रीनवर बघितले आणि पाठ झाले, त्याआधी तीन आठवडे वेगवेगळे घोकत होते.

क्विझपण करून बघितली, अर्थाचा कॉलम पांढऱ्या अक्षरात लपवलेला, उजळणीची पुढची तारीख म्हणजे आजची तारीख अधिक दोनाचा स्कोअर-इतका घात, वगैरे. चालते, पण खरं सांगू का, उजळणीला ॲपच बरं, शीटमध्ये नजर शेजारच्या ओळीवर जातेच.

आता नवीन कॉलम आहे 'कशाशी घोळ'. पहिली एन्ट्री: 'अजून नाही' आणि 'शेवट' ही दोन अक्षरं. दोन्हीत झाडाचं अक्षर आणि वर एक जादा रेघ, म्हणजे आडव्या रेघा एकूण दोन, एकात वरची आखूड, दुसऱ्यात वरची लांब, एवढाच फरक. नंबर काढले तर २६४१० आणि २६४११. शेजारी शेजारीच बसलेत लेकाचे.