माझी माती अँडिसॉल आहे का, हे ठरवायला लागलेलं एक वर्ष (माझा अनुभव)

झालं असं की मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला गाईडनी मला एक कागद दिला, त्यावर उत्तर आयडाहोमधल्या सेंट जो नदीच्या वरच्या अंगाच्या डोंगराचा नकाशा होता आणि पेन्सिलने एक टिंब. म्हणाले, इथे खड्डा खण, वर्णन लिही, सॅम्पल आण, आणि ही माती वर्गीकरणात कुठे बसते ते सांग. मला वाटलं दोन महिन्यांचं काम. एक वर्ष आणि थोडे दिवस वर लागले, आणि त्यातला निम्मा वेळ माझ्या स्वतःच्या एका मूर्खपणामुळे गेला, तो पुढे सांगतेच.

आधी थोडं बॅकग्राउंड. ज्वालामुखीची माती म्हटलं की मराठी माणसाला काळी माती आठवते, पण ती लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्टची, चिकट, उन्हाळ्यात भेगा पडणारी. इथली गोष्ट वेगळी, ही राखेची माती, अशा मातीच्या गटाला अमेरिकेच्या वर्गीकरणात अँडिसॉल म्हणतात. सुमारे ७७०० वर्षांपूर्वी ऑरेगनमधला माउंट मझामा नावाचा डोंगर फुटला, वरचा भाग आत कोसळला आणि त्या खळग्यात आज क्रेटर लेक आहे, सुमारे ५९० मीटर खोल, अमेरिकेतलं सगळ्यात खोल तळं. त्याची राख वाऱ्याबरोबर ईशान्येला गेली आणि माझ्या टिंबापर्यंत, म्हणजे सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटरवर, येऊन पडली. जिथे जंगल दाट होतं आणि उतार उत्तरेकडे तोंड करून होता तिथे ती टिकली, दक्षिणेच्या कोरड्या उतारांवरून बरीचशी वाहून गेली. आयडाहोची राज्य-माती म्हणून जी ठरवलेली आहे ना, थ्रीबेअर, तीसुद्धा अशीच राखेची चादर अंगावर घेतलेली आहे.

ऑगस्टमध्ये गेलो आम्ही तिघं: मी, लॅबमधला एक ज्युनियर आणि सॉइल सर्व्हेतून रिटायर झालेले एक काका, ज्यांनी त्या भागातले शेकडो खड्डे बघितले होते. उंची साधारण १६५० मीटर, सबअल्पाइन फर आणि एंगेलमन स्प्रूसचं जंगल, खाली हकलबेरीची झुडपं. चालताना पायाखाली जमीन दबते, गादीवरून चालल्यासारखी. फावडं मारलं तर लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं, एकही दगड नाही. मी खूश. आणि मग ३१ सेंटिमीटरवर खण्णकन् आवाज. त्याखाली क्वार्टझाइटचे धारदार तुकडे सुरू झाले आणि पुढचा अर्धा मीटर खणायला आम्हाला तीन तास लागले.

खड्ड्याची भिंत साफ केल्यावर जे दिसलं ते पुस्तकातल्या फोटोसारखं नव्हतं. सगळ्यात वर सुया आणि कुजलेल्या पाल्याचा ४ सेंटिमीटरचा थर. त्यात मधेच चिमूटभर जाडीची फिकट राखाडी पावडर होती, काका म्हणाले ही १९८०ची, १८ मेला सेंट हेलेन्स फुटला तेव्हाची. माझ्या अंगावर काटाच आला, म्हणजे एकाच खड्ड्यात दोन ज्वालामुखी. त्याखाली जेमतेम ३ सेंटिमीटरचा काळपट थर, आणि मग थेट तपकिरी, मातीचा रंग जुळवून बघायच्या मन्सेल चार्टवर ७.५ वायआर ४/४, एकसारखा, ३१ पर्यंत.

काळा रंग कुठे गेला, हा माझा पहिला प्रश्न. कारण अँडिसॉल हा शब्द ज्यावरून आला तो जपानी ‘आन्दो’ म्हणजे गडद माती, आणि मी कोळशासारखी माती डोक्यात ठेवून गेले होते. काका हसले. म्हणाले, जपानात ती काळी झाली कारण तिथे हजारो वर्षं गवत उगवत आणि जळत होतं, गवताची मुळं आतपर्यंत काळा ह्यूमस सोडतात. इथे सूचिपर्णी झाडं आहेत, पाला वरच पडून राहतो, आणि थंडीमुळे तो हळूहळू कुजतो. त्यामुळे वरती सुयांची गोधडी, आत तपकिरी राख.

त्यांनीच एक जादू दाखवली. फिनॉल्फ्थॅलिन लावून वाळवलेला फिल्टर पेपर, त्यावर चिमूटभर माती, वर सोडियम फ्लोराइडचा एक थेंब. मी घड्याळ बघत होते, मिनिटभरात पेपरवर मातीभोवती गुलाबी कडं उमटलं आणि बघता बघता गडद राणी कलर झालं. राखेतली काच झिजून अ‍ॅलोफेन, फेरीहायड्राइट असले धड स्फटिकही नसलेले पदार्थ होतात, त्यातल्या मोकळ्या अ‍ॅल्युमिनियमला फ्लोराइड चिकटतं आणि हायड्रॉक्सिल बाहेर ढकललं जातं, म्हणून पीएच वर जातो. ३१च्या खालच्या दगडी थरातली माती टाकली तर कडं आलं, पण फिकट आणि उशिरा. ते फिकट कडं मी तेव्हा वहीत नुसतं लिहून ठेवलं, पुढे सगळा खेळ त्यावरच होणार हे माहीत नव्हतं.

आता नियम सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेच्या वर्गीकरणात अँडिसॉल ही वेगळी ऑर्डर, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचा गट, १९९० मध्ये आली, त्याआधी ह्या माती इन्सेप्टिसॉलमध्ये (अजून फारशा न घडलेल्या मातींच्या गटात) कोंबलेल्या असायच्या. आज अट अशी की वरच्या ६० सेंटिमीटरपैकी ६० टक्के जाडीत ‘अँडिक’, म्हणजे राखेच्या मातीचे, गुणधर्म हवेत, म्हणजे ३६ सेंटिमीटर. माझी स्वच्छ राख ३१. म्हणजे ५ सेंटिमीटरने गेली. पण ३१ ते ४२ मध्ये दगडांच्या फटीत राख मिसळलेली होती, झाडं मुळासकट उन्मळून पडतात तेव्हा वरचं खाली आणि खालचं वर होतं, हजारो वर्षं तेच चाललंय. हा ११ सेंटिमीटरचा थर पास झाला तर ४२, अँडिसॉल. नाही झाला तर इन्सेप्टिसॉल, नावाला फक्त ‘अँडिक’ हे विशेषण. बघायला गेलं तर जमीन तीच, जंगल तेच, पण माझ्या थिसिसचं एक अख्खं चॅप्टर ह्यावर.

सप्टेंबरमध्ये लॅब सुरू झाली आणि इथे मी तो मूर्खपणा केला. सगळी सॅम्पल्स ट्रेमध्ये पसरून वाळवली. सगळी. बाकीच्या मातीला हे बरोबर असतं, वाळवा, चाळा, बरणीत भरा. पण राखेची माती एकदा वाळली की पुन्हा पहिल्यासारखी ओली होत नाही, अ‍ॅलोफेनचे बारीक पोकळ गोळे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणूनच ‘व्हिट्रिक’, म्हणजे काचेच्या, गटात घालण्यासाठी १५०० किलोपास्कलला (झाडं सुकून जातात इतक्या ताणाला) ती किती पाणी धरते हे वाळवलेल्या आणि न वाळवलेल्या, दोन्ही सॅम्पलवर मोजावं लागतं (१५ टक्क्यांच्या आत आणि ३० टक्क्यांच्या आत, असं). माझ्याकडे न वाळवलेलं एक चमचाही नव्हतं. हे लक्षात आलं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी काढून निघाले तर वरचा रस्ता बर्फाने बंद. जुलैशिवाय उघडत नाही. गाईड काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं.

मातीतल्या कणांचे आकार मोजायच्या हायड्रोमीटरनेही तेव्हाच दगा दिला. क्ले ६ टक्के आली, बोटांना मात्र स्पष्ट जास्त वाटत होती. कण सुटे करणारं कॅल्गॉन टाकून रात्रभर घुसळलं तरी हे गोळे सुटत नाहीत, त्यामुळे ह्या मातीत क्लेचा आकडा फारसा मनावर घ्यायचा नाही, हे नंतर कळलं.

मग हिवाळा ऑक्झलेटमध्ये गेला, राखेतले ते स्फटिक नसलेले पदार्थ त्यात विरघळवून मोजतात. ऑक्झलेटचं द्रावण पीएच ३ वर आणायचं, मातीबरोबर ४ तास हलवायचं, आणि तेही अंधारात, कारण प्रकाश पडला तर स्फटिकी लोहसुद्धा विरघळायला लागतं आणि आकडा फुगतो. सगळ्या बाटल्यांना फॉइल गुंडाळून ठेवायची, ज्युनियर त्याला टिफिन म्हणायचा. वरच्या राखेत अ‍ॅल्युमिनियम अधिक निम्मं लोह २.२ टक्के, फॉस्फेट धरून ठेवण्याची ताकद ८८ टक्के, घनता ०.६८. मस्त, अँडिक ठरायच्या तिन्ही अटी पार. ही घनता ज्यांनी हातात घेतली नाही त्यांना कळणार नाही, ढेकूळ उचललं की हात आपोआप वर जातो, इतकं हलकं. आणि म्हणूनच लाकूडतोडीच्या मशिनचा ट्रॅक एकदा गेला की ती दबते आणि कित्येक दशकं दबलेलीच राहते, आमच्या खड्ड्यापासून थोड्या अंतरावरच्या जुन्या वाटेवर मी कोअर मारला तर ०.९३ आली.

मिसळलेल्या थराची मात्र घनता ०.९८, फॉस्फेट ५२ टक्के, ऑक्झलेटचा आकडा (तीच लोह-बिहची बेरीज) ०.९. पहिल्या दारातून प्रवेश नाही. पण नियमात दुसरं दार आहे, काचेच्या मातीसाठी: फॉस्फेट २५ टक्क्यांच्या वर, ऑक्झलेट ०.४च्या वर, ०.०२ ते २ मिलिमीटरचे कण ३० टक्के तरी, त्यात काच निदान ५ टक्के, आणि एक बेरीज, ऑक्झलेटचा आकडा गुणिले १५.६२५ अधिक काचेची टक्केवारी, ती ३६.२५ किंवा जास्त हवी. माझं गणित ०.९ गुणिले १५.६२५ म्हणजे १४.०६, म्हणजे काच निदान २२.१९ टक्के पाहिजे. आता काच मोजा.

पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली हे काम म्हणजे डोळ्यांची वाट. दोन्ही फिल्टर आडवे केले की क्वार्टझ, फेल्डस्पार चमकतात, स्टेज फिरवलं की विझतात, परत चमकतात. काच मात्र कशीही फिरवा, काळी ती काळीच. मग एक फिल्टर काढून आकार बघायचा, फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारखे वाकडे पातळ तुकडे, काहींत लांबट पोकळ्या, इतके सुंदर की मी मोजायचं विसरून बघतच बसायचे. ३०० कण मोजले. १७ टक्के. बेरीज ३१.०६. नापास.

दोन दिवस तोंड पाडून बसले, मग काकांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, फेल्डस्पारच्या ज्या कणांना काचेची साल होती ते तू कशात धरलेस? मी म्हटलं, फेल्डस्पारमध्ये, चमकत होते ना. म्हणाले, काचेने मढलेला कण काचेतच धरायचा, नियमात लिहिलंय. उघडून बघितलं, खरंच लिहिलं होतं. पुन्हा मोजले, २४ टक्के, बेरीज ३८.०६, पास. पण मला स्वतःवरच भरवसा वाटेना, हवं तेच उत्तर आलं होतं ना, म्हणून ज्युनियरला स्लाइडवर नाव न लिहिता दिली आणि कशासाठी ते सांगितलं नाही. त्याची २३ आली. ३७.०६. मग मी चहा पाजला त्याला.

जुलैत रस्ता उघडला, पण ५० सेंटिमीटरवर पुरलेल्या तापमानाच्या लॉगरचं वर्ष पुरं व्हायचं होतं, म्हणून ऑगस्ट अखेर गेले. ह्या वेळी डबल पिशव्या, आईसबॉक्स, ओली माती ओलीच आणली. लॉगरचा डेटा बघून मजा वाटली, जानेवारीत बाहेर कडाक्याची थंडी असताना खाली तापमान शून्याच्या वरच, बर्फाचं जाड पांघरूण होतं ना. वर्षाची सरासरी ४.१ अंश, जून ते ऑगस्टची ७.२. माती ‘क्रायिक’, म्हणजे थंड गटातली, म्हणायला वर्षाची सरासरी ८च्या खाली हवी आणि उन्हाळा थंड, पण उन्हाळ्याची मर्यादा पाल्याचा थर असेल तर ८ आणि नसेल तर १५. म्हणजे तो ४ सेंटिमीटरचा सुयांचा थर मी वहीत नीट लिहिला नसता तर कोणती मर्यादा लावायची हेच कळलं नसतं.

मग पाणी धरण्याची मोजणी केली: प्रेशर प्लेटवर राख वाळवलेली ९ टक्के पाणी धरत होती, न वाळवलेली १७. मूर्खपणा किती टक्क्यांचा होता ते हे असं आकड्यात मिळालं. दोन्ही मर्यादेच्या आत, म्हणून टिपिक व्हिट्रिक्रायँड, म्हणजे काचेची, थंड अँडिसॉल. फॉर्ममध्ये तेवढ्या दोन शब्दांची जागा होती, मी पेनाने लिहिले.

ऑगस्ट अखेरच्या त्या फेरीत परत निघण्याआधी काकांनी मला धारेच्या पलीकडे, दक्षिणेकडच्या उतारावर नेलं आणि फावडं हातात दिलं. २२ सेंटिमीटरवर खण्णकन्.