क्वीन ॲनच्या टेकडीवरची पांढरी पेटी

सिएटलला लेकाकडे २०२२मध्ये पंधरा दिवस राहिले. पाइक प्लेस मार्केट, स्पेस नीडल, ढगांतून जेमतेम दिसलेला माउंट रेनियर, सगळं झालं. फोटो लेकाच्या फोनमध्ये आहेत. मला सांगायचंय ते क्वीन ॲनच्या टेकडीबद्दल.

चढ असा खडा, की पूर्वी ट्राम वर चढवायला रस्त्याखालच्या बोगद्यातून वजनाची गाडी खाली सोडत. ट्राम १९४०मध्ये बंद झाली, तरी लोक त्या रस्त्याला अजून 'काउंटरबॅलन्स'च म्हणतात.

तिथे स्टेसी मिलरनी ह्या चित्रकर्तीने डिसेंबर २०२०मध्ये, कोविडमुळे संग्रहालयं बंद असताना, घरासमोर एक पांढरी लाकडी पेटी उभी केली. तिकडे फुटपाथवर फुकट पुस्तकं न्यायच्या-ठेवायच्या पेट्या असतात ना, तशीच. आत चित्र टेकवायची पिटुकली ईझल आणि चित्रं बघत उभी असलेली बोटभर माणसं. आवडेल ते न्या, आपलं ठेवा, नाहीतर नुसतं बघा.

मला हवा होता जलरंगातला पेअर, म्हणजे नाशपतीचं फळ. काड्यापेटीएवढा कागद, पण देठाखालची सावली काय उतरली होती! हात पुढे करणार, तेवढ्यात सहाएक वर्षांची मुलगी बाबांबरोबर आली. तिने जांभळ्या खडूचा ऑक्टोपस आत ठेवला. पाय अकरा. आणि ती निघेना. कुंपणाशी उभी राहून पेटीकडे बघत राहिली. कोण नेतंय, ते तिला बघायचं होतं.

मी ऑक्टोपस उचलला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला भरून आलं.

मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट असतो, तरी दारातूनच परतणारी माणसं मी पाहिली आहेत. माझी आई त्यांतलीच. इथे पोस्टमनसुद्धा वाकून चित्रं बघून गेला. आईला इथे आणायला हवं होतं.

ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. पर्समधल्या पावतीच्या मागे बॉलपेनने आमच्या वाड्यातलं तुळशीवृंदावन काढलं. कोनाड्यातली पणती काढायला सर्वांत जास्त वेळ लागला. लेक म्हणाला, "आई, बस जाईल." म्हटलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी एकटीच पुन्हा गेले. पेअर होता. वृंदावन कुणीतरी नेलं होतं.