नवीन सोलर बसवण्याआधी गरम पाण्याची जुनी लाइन साफ केली, त्याचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरला आमचं रो हाऊस आहे, १९९८ चं. गच्चीवर तांब्याच्या पॅनलचा जुना सोलर होता, त्याची टाकी खालून गळायला लागली म्हणून नवीन घ्यायचं ठरलं. पण खरा वैताग वेगळाच होता. खालच्या बाथरूमला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढी धार, आणि शेजारचा गार पाण्याचा नळ मात्र धो धो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा बादली भरेपर्यंत माणूस कुडकुडतो आणि अर्धं पाणी गार होऊन जातं.

सोलरवाला म्हणाला, "ताई, पॅनल चोक झालंय, नवीन ट्यूबवाला टाका, प्रेशर आपोआप येतंय बघा." आता मला हे काही पटेना, कारण नवीन टाकी त्याच स्टँडवर त्याच उंचीला बसणार होती आणि गच्चीवरून येणाऱ्या पाण्याला प्रेशर मिळतं ते उंचीचंच, एक मीटरला साधारण ०.१ बार, मग मशीन बदलून ते वाढणार कुठून? म्हटलं आधी पाइप बघू. सासऱ्यांचं म्हणणं, अस्सल जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप) आहे, त्याला काय धाड भरलीये.

प्लंबरने गच्चीवरचा एक पाऊण इंची एल्बो (पाइपच्या वळणाचा तुकडा) कापून काढला आणि माझ्या हातात दिला. आत कडेने पांढरट-पिवळा दगडासारखा थर, मध्ये मध्ये गंजाच्या तांबड्या रेषा, आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. सासऱ्यांनी तो उन्हात धरून दोन्हीकडून पाहिला आणि काही न बोलता खाली गेले.

हे होतं कशामुळे तर आमच्याकडे पालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी येतं आणि बोअरचंही, दोन्ही वरच्या एकाच टाकीत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की ते क्षार सुटून चुना बनतो आणि आतून चिकटतो, म्हणून गार पाण्याची लाइन ठणठणीत आणि गरमची बसलेली. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, बघायची टेस्ट स्ट्रिप आणून बघितलं तर पालिकेच्या नळाचं पाणी बरं निघालं, बोअरचं मात्र पार शेवटच्या गडद रंगावर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० स्टँडर्डमध्ये हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत. आणि आपण ते रोज तापवतोय.

प्लंबर म्हणाला, संडासचं अ‍ॅसिड ओततो, दहा मिनिटांत साफ. मी नको म्हटलं. ते अ‍ॅसिड चुन्याबरोबर जीआयवरचा जस्ताचा थर पण खाऊन टाकतं, शिवाय बंद बाथरूममध्ये त्याची वाफ म्हणजे नसती आफत. मग रविवार कारंज्याकडच्या दुकानातून सायट्रिक अ‍ॅसिड आणलं, तेच ते लिंबूसत. लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने कोमट पाण्यात विरघळवलं (कोमट असलं की काम लवकर होतं). हेही रात्रभर ठेवायचं नाही बरं का, जास्त वेळ राहिलं तर जस्ताला खातंच.

आधी सगळे मिक्सर, शॉवर काढून घेतले, कारण मिक्सरमधून अ‍ॅसिड गारच्या लाइनमध्ये जाऊ शकतं आणि आतलं कार्ट्रिज पण खराब होतं. त्यांच्या जागी प्लास्टिकच्या साध्या तोट्या लावल्या. मग गच्चीवरच्या टोकाला नरसाळं लावून हे लिंबूसताचं पाणी ओतायला सुरुवात, खाली नवरा एकेक तोटी उघडून पीएच पट्टी बुडवून "आलं, आलं" ओरडतोय, की ती तोटी बंद. वरचं टोक उघडंच ठेवायचं हे महत्त्वाचं, चुना विरघळताना गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. पाइपला कान लावला की आतून चुरचुर ऐकू येते, ती थांबली की एक तर अ‍ॅसिडचा जोर संपला किंवा चुना संपला, आमच्याकडे अर्थातच अ‍ॅसिड आधी संपलं, म्हणून ते सोडून परत नवीन भरलं. सोडताना जे आलं ते तांबडं-तपकिरी आणि त्यात नखाएवढ्या खपल्या. ते बादलीत धरून खायचा सोडा टाकला, फेस यायचा थांबला की मग गटारीत. नंतर लाइनमध्येही थोडं सोड्याचं पाणी फिरवलं आणि स्वच्छ येईपर्यंत साधं पाणी सोडत राहिलो.

आता गंमत बघा, लाइन मोकळी झाली आणि खालच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली. म्हणजे आतला जॉइंट कधीच सडलेला होता, चुन्यानेच तो धरून ठेवला होता! टाइल फोडावी लागली आणि तेवढा उभा पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) टाकला. सीपीव्हीसीच घ्या, ते ९३ डिग्रीपर्यंत चालतं, साधं पांढरं यूपीव्हीसी गरम पाण्याला नको. टाइलवरून सासूबाई अजून बोलतात, कारण तशीच टाइल आता मिळत नाही.

मग कुठे नवीन सोलर, २०० लिटरचा. बसवायला माणसं आली भर दुपारी, काचेच्या ट्यूबा लावल्या आणि लगेच पाणी सोडायला निघाले, मी म्हटलं थांबा, कोरडी काच उन्हात भयंकर तापलेली असते, गार पाणी लागलं की तडकते. झाकून ठेवलं आणि सकाळी उन्हं यायच्या आत भरलं. वेंट पाइप (टाकीतली हवा-वाफ बाहेर जायचा) मोकळा आहे ना, टाकीत मॅग्नेशियमचा रॉड बसवलाय ना, ते त्यांच्यासमोरच बघून घेतलं. हा रॉड स्वतः झिजून टाकी वाचवतो, वर्षातून एकदा काढून बघायचा. आणि सोलरला आता वेगळी छोटी टाकी, त्यात फक्त नळाचं पाणी, बोअरचं झाडांना आणि फ्लशला.

धार आता चांगली येते, गारएवढी नाही पण बादली पटकन भरते. सुरुवातीला किचनच्या नळाची जाळी सारखी तुंबायची, सुटलेल्या खपल्या येत होत्या, काढून झटकायची आणि परत लावायची. वरच्या बाथरूमचा आडवा पाइप अजून थोडा बसलेलाच आहे, तो दिवाळीनंतर बदलून घेणार.